डेटाबेस अडकला? रीस्टार्ट मारायच्या आधी हे बघा

आपल्याकडं जिनिंग असो, दालमिल असो नाहीतर रावेर-सावद्याकडचं केळीच्या व्यापाऱ्याचं ऑफिस, वजनकाट्याचं आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर बऱ्याच ठिकाणी मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालतं आणि ऐन सीझनला फोन येतो की भाऊ, सगळं हँग होऊन राहिलंय, काय व्हयनं ते बघा. फोन येईपर्यंत तिथल्या कोणीतरी सर्व्हर बंद-चालू केलेला असतो. माझं सगळ्यात पहिलं सांगणं हेच, की रीस्टार्ट मारू नका, कारण कोण कोणाला अडवून बसलंय, कुठली क्वेरी (डेटाबेसला दिलेला हुकूम) किती वेळ चालू आहे हा सगळा पुरावा रीस्टार्टनं पुसला जातो, तासभर बरं चालतं आणि परत तेच. आधी दोन मिनिटं काढून शो फुल प्रोसेसलिस्ट (कोण काय चालवतंय त्याची यादी) आणि शो इंजिन इनोडीबी स्टेटस (डेटा साठवणाऱ्या इनोडीबी इंजिनची हालत) या दोन कमांडचं आउटपुट फाइलमध्ये सेव्ह करा, एरर लॉगच्या शेवटच्या शंभरेक ओळी कॉपी करा, डिस्क किती भरलीय ते बघा. मग हात लावा.

सगळं अडकलंय पण सीपीयू शांत आहे

हे बहुतेक वेळा लॉकचं प्रकरण असतं, म्हणजे एकानं धरलेल्या ओळीसाठी बाकीचे अडून बसतात. जिनिंगवरचंच उदाहरण घ्या. कापसाच्या गाड्यांची रांग लागलीय, काट्यावरच्या ऑपरेटरनं एक पावती दुरुस्तीला उघडली, सॉफ्टवेअरनं तिथंच ट्रान्झॅक्शन (सगळं एकत्र सेव्ह किंवा रद्द होणारं काम) सुरू करून ती रो म्हणजे ओळ लॉक केली आणि ऑपरेटर सेव्ह न करता चहाला गेला. आता ऑफिसमधला माणूस त्याच पावतीचं पेमेंट टाकायला जातो तर त्याची स्क्रीन फिरत राहते, आणि ५० सेकंदांनी १२०५ नंबरचा लॉक वेट टाइमआउट एरर येतो, कारण इनोडीबीची डिफॉल्ट वाट बघायची मुदत तेवढीच आहे. प्रोसेसलिस्ट बघणारा इथं फसतो, कारण वाट बघणारी क्वेरी अपडेटिंग म्हणून दिसते आणि खरा अडवणारा स्लीप म्हणून शांत झोपलेला दिसतो, मग लोक बिचाऱ्या वाट बघणाऱ्यालाच किल करतात, म्हणजे त्याचं कनेक्शन तोडतात. त्यापेक्षा मायएसक्यूएलच्याच सिस स्कीमामधला इनोडीबी लॉक वेट्स हा व्ह्यू (तयार यादी) बघा, त्यात ब्लॉकिंग पीआयडी म्हणजे अडवणाऱ्या कनेक्शनचा नंबर सरळ लिहिलेला असतो आणि किल करायची कमांडसुद्धा तयार मिळते. पण किल केलं की त्या माणसाची सेव्ह न झालेली एन्ट्री जाणार, म्हणून आधी काट्यावर फोन लावून सेव्ह करायला सांगा, माणूस सापडलाच नाही तर किल करा.

मोठा अपडेट किंवा डिलीट चालू असेल तर किल केल्यावर रोलबॅक होतो, म्हणजे झालेले बदल उलटे फिरवले जातात, त्याला मूळ कामापेक्षाही जास्त वेळ लागू शकतो. तेव्हा धीर धरा. मधेच सर्व्हर बंद केला तरी चालू झाल्यावर तो रोलबॅक पुढं चालूच राहतो, काही वाचत नाही.

आणि १२०५ आला म्हणजे डिफॉल्ट सेटिंगला फक्त ते शेवटचं स्टेटमेंट मागं येतं, आख्खं ट्रान्झॅक्शन नाही, म्हणजे अ‍ॅपनं स्वतःहून रोलबॅक केलं नाही तर आधीचे लॉक तसेच धरलेले राहतात. १२१३ म्हणजे डेडलॉक, दोघं एकमेकांची वाट बघत अडकलेले, त्यात मात्र एकाचं पूर्ण ट्रान्झॅक्शन रद्द होतं आणि अ‍ॅपनं ते परत चालवायचं असतं. कायमचा उपाय सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडंच आहे, स्क्रीन उघडताना ट्रान्झॅक्शन सुरू करायचं नाही, सेव्ह दाबल्यावर करायचं, हे त्याला ठणकावून सांगा. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी मध्ये आयडल इन ट्रान्झॅक्शन असं लिहिलेलं सेशन शोधायचं, रोग तोच.

टू मेनी कनेक्शन्स

एरर १०४०. मायएसक्यूएलची डिफॉल्ट मर्यादा १५१ कनेक्शनांची आहे, आणि त्यावर एक जास्तीचं कनेक्शन अ‍ॅडमिन हक्क असलेल्या युजरसाठी राखीव असतं, तुम्हाला आत शिरून बघता यावं म्हणून. आता सॉफ्टवेअरच रूट युजरनं जोडलेलं असेल तर ती राखीव जागाही तेच खाऊन टाकतं आणि तुम्ही बाहेर! म्हणून अ‍ॅपला वेगळा, कमी हक्काचा युजर द्या. लोक लगेच मर्यादा हजार करतात, मला ते पटत नाही, रॅम संपून आख्खा सर्व्हरच झोपतो. बहुतेक वेळा अ‍ॅप कनेक्शन बंदच करत नसतं आणि वेट टाइमआउट (रिकामं कनेक्शन तोडायची मुदत) डिफॉल्ट २८८०० सेकंद म्हणजे आठ तास असल्यानं मेलेली कनेक्शनं दिवसभर पडून राहतात. ती मुदत कमी करा, कनेक्शन पूल (तीच ती कनेक्शनं परत वापरणं) लावा. अडकलेल्या लॉकमुळंही कनेक्शनं साठत जातात, तेव्हा वरचं आधी तपासा.

सगळं स्लो झालंय

स्लो क्वेरी लॉग चालू करा, लाँग क्वेरी टाइम डिफॉल्ट १० सेकंद असतो तो १ वर आणा, नाहीतर चार-चार सेकंद खाणाऱ्या क्वेरी त्यात येतच नाहीत. मग सापडलेल्या क्वेरीच्या सुरुवातीला एक्सप्लेन लावा, ती कशी चालणार ते दिसतं. टाइपमध्ये ऑल आणि की मध्ये नल दिसलं की समजायचं, आख्खं टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं जातंय.

इंडेक्स (ओळ पटकन शोधायची सूची) असूनही वापरला जात नाही हे सगळ्यात जास्त छळतं. शेतकऱ्याचा मोबाइल नंबर टाकून त्याचं खातं शोधायचंय, कॉलम व्हारचार म्हणजे मजकुराचा आहे, इंडेक्सही आहे, पण प्रोग्रामरनं क्वेरीत नंबर कोट्सशिवाय लिहिलाय. मायएसक्यूएल अशा वेळी प्रत्येक ओळीतल्या मजकुराचा आकडा करून तुलना करतं, इंडेक्स बाजूला पडतो आणि लाखो ओळी वाचल्या जातात. नुसते दोन कोट्स टाकले की तीच क्वेरी क्षणात येते, आणि हे पोस्टग्रेसमध्ये लगेच एरर देऊन कळतं तरी, मायएसक्यूएल गुपचूप चालवून घेतं. तसंच तारखेच्या कॉलमवर इयर फंक्शन लावू नका, १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत अशी रेंज द्या. नावाच्या सुरुवातीलाच परसेंट लावून लाइक केलं तरी साधा इंडेक्स कामाचा नाही. आणि बफर पूल (डेटासाठी राखलेली रॅम) बघा, डिफॉल्ट १२८ एमबी असतो, १६ जीबीच्या मशीनवर फक्त डेटाबेसच असेल तर निम्मी रॅम बिनधास्त द्या.

डिस्क फुल

डेटा फोल्डरमध्ये जाऊन मोठ्या दिसणाऱ्या फाइली हातानं उडवू नका. खरंच नका. बिनलॉग (बदलांची नोंद ठेवणाऱ्या फाइली) वाढले असतील, मायएसक्यूएल ८.० मध्ये ते आपोआप चालू असतात आणि ३० दिवस साठतात, तर पर्ज बायनरी लॉग्ज कमांडनंच काढा, रेप्लिका (डेटाबेसची चालू नक्कल) असेल तर तिनं ते वाचलेत का ते आधी बघून. पोस्टग्रेसच्या पीजी वॉल फोल्डरलाही हातानं उडवू नका हाच नियम. ओळी डिलीट करून जागा मोकळी होत नाही, फाइल तेवढीच राहते, आणि फाइल आकसवणाऱ्या ऑप्टिमाइझ टेबल कमांडला स्वतःलाच जादा जागा लागते. म्हणून आधी त्या डिस्कवरचे जुने झिप, डंप (बॅकअपच्या फाइली) दुसरीकडं हलवा.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

हेक्स फंक्शननं कॉलम बघा, त्यात खरोखर काय साठलंय त्याचे कोड दिसतात. नुसतं थ्री-एफ थ्री-एफ दिसलं तर अक्षरं सेव्ह होतानाच गेलीत, बॅकअपशिवाय परत येत नाहीत. ई-झिरो ए-फोर किंवा ई-झिरो ए-फाइव्ह अशा जोड्या दिसल्या तर डेटा ठीक आहे, कनेक्शनचा कॅरेक्टर सेट (अक्षरांचे कोड ठरवणारं सेटिंग) चुकलाय. सी-थ्री ए-झिरोनं सुरुवात होत असेल तर दोनदा एन्कोड झालंय, ते सुधारता येतं, पण टेबलाची कॉपी करून त्यावरच. टेबल आणि कनेक्शन दोन्हीकडं यूटीएफएट-एमबीफोर ठेवा, जुन्या यूटीएफएटमध्ये मराठी बसतं पण इमोजी बसत नाही.

लाइट गेली, आता चालूच होत नाही

मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या आसपास असतो, लाइट कधीही जाते आणि यूपीएसची बॅटरीही उन्हाळ्यात दगा देते. इनोडीबी रीडू लॉगवरून (झालेल्या बदलांची नोंद) स्वतःच सावरतं, त्याला वेळ द्या, वेळ लागतोय म्हणून परत पॉवर बटण दाबू नका. जुन्या सॉफ्टवेअरची टेबलं मायआयसॅम या जुन्या इंजिनची असतील तर मार्क्ड अ‍ॅज क्रॅश्ड येतं, तिथं टेबलाची फाइल कॉपी करून रिपेअर टेबल चालवा. इनोडीबी फोर्स रिकव्हरी (बिघडलेला डेटाबेस जबरदस्तीनं चालू करायचं सेटिंग) ही शेवटची गोष्ट, आधी आख्खं डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी, मग १ पासून एकेक पायरी वर, ४ आणि पुढं डेटा कायमचा बिघडू शकतो. चालू झालं की लगेच डंप काढून नव्या इन्स्टन्सवर म्हणजे नव्यानं बसवलेल्या मायएसक्यूएलवर चढवा, त्याच जागी काम पुढं रेटू नका. स्पीडसाठी कोणी फ्लश लॉग अ‍ॅट ट्रान्झॅक्शन कमिट ० किंवा २ केलं असेल तर परत १ करा, नाहीतर लाइट जाताना शेवटच्या सेकंदभरातल्या पावत्या गायब होऊ शकतात.

रोजचा बॅकअप मायएसक्यूएलडंपला सिंगल ट्रान्झॅक्शन ऑप्शन लावून काढा, म्हणजे इनोडीबीवर काटा चालू असतानाही चालतो, आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून कालच्या शेवटच्या पावतीचा नंबर जुळतोय का ते डोळ्यांनी बघा.