घरातील स्वच्छता आणि हात धुणे : या चुका टाळा

दोन स्वच्छताद्रव्ये एकत्र केली की डाग दुप्पट वेगाने जातो, हा समज मी इतक्या घरांत पाहिला आहे की त्याविषयी सौम्यपणे लिहिणे मला आता शक्य नाही. माझ्या मावशीने एकदा शौचालयाच्या भांड्यात आम्लयुक्त क्लीनर ओतला, पाच मिनिटांत डाग गेला नाही म्हणून त्यावरच ब्लीच ओतले आणि ब्रश घेऊन ती खाली वाकली. क्षणात तिला श्वास घेता येईना. मी तिला बाहेर आणले तेव्हा माझ्याही घशाची आग होत होती आणि तिचा खोकला रात्रीपर्यंत थांबला नव्हता. ब्लीचमधील सोडियम हायपोक्लोराइट आम्लात मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनिया असलेल्या द्रवात मिसळले तर क्लोरामाइनची विषारी वाफ तयार होते. असा उग्र वास येताच काम अर्धवट टाकून आधी मोकळ्या हवेत जावे. मी या बाटल्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतो आणि एका दिवशी एकच वापरतो. डाग उद्यापर्यंत राहिला तरी काही बिघडत नाही.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांच्या मिश्रणात धोका नाही, पण ती दोन्ही एकमेकांना उदासीन करतात, त्यामुळे फेसाच्या मानाने सफाई फारच थोडी होते.

हात धुण्यातील घाई मला तितकीच खटकते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते आणि दुसरे तेलकट पदार्थाकडे. त्यामुळे त्वचेवरचा चिकट थर जंतूंसह सुटून वाहून जातो, आणि ज्या विषाणूंभोवती मेदाचे आवरण असते त्यांचे ते आवरणच फाटते. यासाठी किमान 20 सेकंद चोळावे लागते. पाणी गरमच हवे असे नाही. मी अंगठ्यांपासून सुरुवात करतो, कारण घाईत नेमके तेच राहून जातात.

मळलेल्या किंवा तेलकट हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही, आणि उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूला मेदाचे आवरणच नसल्यामुळे तेथे साबण-पाणीच हवे. सॅनिटायझरमध्ये किमान 60 टक्के अल्कोहोल असावे आणि ते न पुसता हातांवरच वाळू द्यावे. शुद्ध अल्कोहोल त्याहून प्रभावी असेल, हा तर्कही चुकीचा आहे. जंतूंच्या प्रथिनांची रचना मोडण्यासाठी पाण्याचीही गरज असते, म्हणून 70 टक्क्यांचे द्रावण अधिक चांगले काम करते.

पाण्यात मिसळलेले ब्लीच साठवून ठेवू नये, रोज ताजे करावे, आणि फरशीवर टाकल्यावर लगेच न पुसता काही मिनिटे ओले राहू द्यावे.