नाव बरोबर असूनही डीएसएन सापडत नाही तेव्हा

डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशन डेटाबेस सर्व्हरला जोडण्याचे काम माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मला एसक्यूएल बऱ्यापैकी येत होते, कनेक्शन स्ट्रिंग कशी लिहितात हेही ठाऊक होते, त्यामुळे तासाभरात हे उरकेल अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात चार दिवस गेले, आणि ते ज्या कारणाने गेले ते आजही कोणी नवख्याला नीट सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्व्हर पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचा होता, प्रोग्राम सी शार्पमधला होता आणि जोडणी ओडीबीसीतून, म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामधल्या प्रमाणित दुव्यातून, करायची होती. मी त्या डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर बसवला, सिस्टम डीएसएन (जोडणीच्या माहितीची, मशीनवरच्या सगळ्या वापरकर्त्यांसाठीची, नाव दिलेली नोंद) तयार केला, 'टेस्ट' बटण दाबले आणि जोडणी यशस्वी झाल्याचा संदेश आला. प्रोग्राम चालवला तर उत्तर मिळाले की त्या नावाचा डेटा सोर्स सापडत नाही आणि डिफॉल्ट ड्रायव्हरही दिलेला नाही. ते नाव समोरच्या खिडकीत मला स्वच्छ दिसत होते. मी ते पुन्हा टाइप केले, मागेपुढे स्पेस राहिली आहे का ते पाहिले, ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला आणि शेवटी सर्व्हरवरच संशय घेतला, जो बिचारा पहिल्यापासून निर्दोष होता.

खरी गोष्ट अशी की ओडीबीसी ड्रायव्हर आपल्या प्रोग्रामच्या प्रोसेसमध्येच लोड होतो, आणि ३२-बिट प्रोसेसमध्ये ६४-बिट डीएलएल (ड्रायव्हर ज्या फाइलमध्ये असतो ती) लोड होऊ शकत नाही. म्हणून ६४-बिट विंडोजमध्ये सिस्टम डीएसएनच्या दोन वेगळ्या याद्या असतात आणि ३२-बिट प्रोग्रामला ६४-बिटची यादी दिसतच नाही. सर्व्हर किती बिटचा आहे याचा इथे काहीही संबंध नाही. तो प्रश्न विचारण्यात माझा अख्खा एक दिवस गेला. याद्या हाताळणाऱ्या खिडक्याही दोन आहेत, आणि खरा घोळ तिथेच होतो. दोन्हींच्या फाइलचे नाव एकच, ओडीबीसीएडी३२. त्यांपैकी सिस्टम३२ या फोल्डरमधली फाइल ६४-बिटची आहे आणि सिसवॉव६४ या फोल्डरमधली ३२-बिटची. चुकून उलटे लिहिलेले नाही, ते तसेच आहे. फाइलच्या नावात ३२, फोल्डरच्या नावातही ३२, तेव्हा आपण ३२-बिटच्याच यादीत नोंद करत आहोत असे मी शपथेवर सांगितले असते. यूजर डीएसएनच्या (एकाच वापरकर्त्यासाठीच्या नोंदीच्या) बाबतीत तर दोन्ही खिडक्यांत तेच नाव दिसते आणि जोडताना ड्रायव्हर व अ‍ॅप्लिकेशन यांचे आर्किटेक्चर (३२-बिट की ६४-बिट) जुळत नसल्याची तक्रार येते. ती निदान खरे तरी बोलते.

आपला प्रोग्राम किती बिटचा आहे हे प्रोजेक्टच्या सेटिंगवरून गृहीत धरू नये. माझ्याकडे 'एनी सीपीयू' निवडलेले होते, पण त्याखाली 'प्रिफर ३२-बिट' या चौकोनात आधीपासूनच खूण होती. सी शार्पचे प्रोग्राम ज्यावर चालतात त्या डॉटनेट फ्रेमवर्कच्या ४.५ आणि पुढच्या आवृत्त्यांच्या नव्या एक्झिक्युटेबल प्रोजेक्टमध्ये ती असते. प्रोग्राममध्येच इंटपॉइंटरचा आकार (IntPtr.Size) छापून पाहावा: ४ आला तर प्रोसेस ३२-बिटची, ८ आला तर ६४-बिटची. ही एक ओळ पहिल्या दिवशी लिहिली असती तर पुढचे तीन दिवस वाचले असते.

एका अनुभवी सहकाऱ्यांनी माझा कीबोर्ड ओढून घेतला, दोन मिनिटांत काहीतरी केले आणि 'झाले' म्हणून ते निघून गेले. पुढच्याच मशीनवर मी पुन्हा तिथेच अडकले. असा मार्गदर्शक नसलेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. कीबोर्ड आपल्याच हातात ठेवून त्यांना फक्त बोलायला सांगावे.

यानंतरच्या अडचणी त्या मानाने सरळ आहेत, घाबरू नका. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आले तर बहुधा ५४३२ या पोर्टवर त्या पत्त्याला कोणी ऐकत नाही, कारण मुळात पोस्टग्रेएसक्यूएल फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवरून येणारी हाक, ऐकते. बराच वेळ थांबून टाइमआउट झाला तर आधी फायरवॉल पाहावी. पीजी-एचबीए फाइलमध्ये (कोणाला कुठून जोडू द्यायचे हे सर्व्हरला सांगणारी फाइल) नोंद नसल्याचा संदेश आला तर आनंद माना, कारण निदान तुमची हाक सर्व्हरपर्यंत पोहोचली आहे. मात्र त्या फाइलमध्ये सगळ्या पत्त्यांना 'ट्रस्ट' देऊन मोकळे होण्याचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. त्या ओळीनंतर पासवर्ड विचारलाच जात नाही, आणि तात्पुरती म्हणून घातलेली ती ओळ काढायला कोणी परत येत नाही.

नव्याने सुरुवात करत असाल आणि प्रोग्राम डॉटनेटमध्येच असेल, तर ओडीबीसीच्या वाटेला न जाता एनपीजीएसक्यूएल हे पोस्टग्रेएसक्यूएलला थेट जोडणारे पॅकेज वापरा. ते डॉटनेटमध्येच लिहिलेले असल्यामुळे डीएसएन आणि बिटांचा हा खेळ उरत नाही. जुना प्रोग्राम सांभाळायचा असेल तर ओडीबीसी टळणार नाही, आणि तेव्हा स्टार्ट मेनूमधून खिडकी उघडताना नावापुढच्या कंसात ३२-बिट लिहिले आहे की ६४-बिट, ते आधी वाचा.