मंच आणि मैदान: फोटोग्राफीत उतरणाऱ्यांसाठी

मी मैफलींचे आणि सामन्यांचे फोटो काढतो. नव्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅमेरा कोणता घेऊ? त्याआधी कुठे उभं राहायचं ते शिका, असं मी सांगतो. १९६५ साली बॉक्सर मुहम्मद अलीने सनी लिस्टनला पहिल्याच फेरीत आडवं केलं. त्या क्षणाचा नील लायफरचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्यात अलीच्या पायांमधून रिंगच्या पलीकडे बसलेला दुसरा फोटोग्राफर दिसतो. तोही कसलेलाच, पण त्याच्या वाट्याला अलीची पाठ आली. जागा मिळण्यात नशीब असतंच. मात्र मिळालेल्या जागेचं सोनं करायला २२ वर्षांचा लायफर तयारीत होता.

ही तयारी म्हणजे खेळ आणि गाणं दोन्ही आतून कळणं. टेनिसचा सामना जिंकलेला खेळाडू बरेचदा आधी आपल्या प्रशिक्षकाकडे वळतो. ते कुठे बसलेत हे सामन्याआधीच हेरून ठेवा. गायकाच्या तोंडासमोर माइक असतो, म्हणून अगदी समोर न थांबता जरा बाजूला सरका. ओळ संपली की तो माइकपासून मागे होतो, डोळे उघडतो. तो क्षण गाणं ऐकलेलं असेल तरच आधी कळतो. मोठ्या कार्यक्रमांत बहुधा पहिल्या तीन गाण्यांपुरतीच परवानगी असते, फ्लॅशही चालत नाही. तेवढ्या वेळात ड्रमरकडेही बघा, त्याच्याकडे सहसा कुणी वळत नाही.

तांत्रिक बाजू लवकर अंगवळणी पडते. धावत्या खेळाला १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर (प्रकाश आत येऊ देणारा कॅमेऱ्याचा पडदा) लागतं, शांत उभ्या गायकाला १/२५० पुरतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत न्यायला घाबरू नका. दाणेदार फोटो छापता येतो, हललेला बहुधा टाकावाच लागतो. लाल किंवा निळ्या एलईडी प्रकाशात चेहऱ्यावरचे बारकावे उडतात, तिथे एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा प्रकाश) थोडं कमी ठेवा. शांत आलापात शटरचा आवाज नको म्हणून पडदा न हलवता फोटो टिपणारं इलेक्ट्रॉनिक शटर सोयीचं, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यानेच एलईडीचे पट्टे उमटतात आणि वेगाने फिरणारी बॅट वाकडी दिसते. लेन्स घ्यायची तर आधी ७०-२०० एफ/२.८, म्हणजे ७० ते २०० मिमीची, कमी प्रकाशातही चालणारी झूम. दूरचं टिपणारी ४०० मिमीची एफ/२.८ काम मिळेल तेव्हा भाड्याने आणा. अलीकडच्या मॉडेलांचंही वजन तीन किलोंच्या आसपास असतं, मोनोपॉडशिवाय (एका पायाचा स्टँड) सबंध सामना तिला पेलणं कठीण.

मला सर्वांत जास्त सांगावंसं वाटतं ते कॅप्शनबद्दल. संपादकाला फोटो हवा असतो तो सामना चालू असतानाच, आणि त्यात कोण, कुठे, कधी हे अचूक लिहिलेलं. फोटो मेकॅनिकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही संघांच्या याद्या आधी भरून ठेवता येतात. मग जर्सीचा क्रमांक टाइप केला की खेळाडूचं पूर्ण नाव आपोआप येतं. ही यादी आदल्या रात्री तयार करा आणि प्रत्येक नावाचं स्पेलिंग संघाच्या अधिकृत यादीशी ताडून पाहा. मैफलीतही साथसंगत करणाऱ्यांची नावं कार्यक्रमाआधी विचारून घ्या. तबलजीचं नाव नीट लिहिणारा फोटोग्राफर कलाकारांच्या लक्षात राहतो, आणि पुढचं बोलावणं बरेचदा त्यांच्याकडूनच येतं.

सुरुवात छोट्या बँडपासून आणि शाळा-कॉलेजच्या सामन्यांपासून करा. तिथे प्रकाश वाईट असतो, पण पाससाठी झगडावं लागत नाही आणि मैदानाभोवती हवं तिथे फिरता येतं. निवडक वीसेक फोटोंचा पोर्टफोलिओ पुरे. एकाच प्रसंगाचे चार फोटो त्यात नकोत, आणि हरलेल्या संघाचा बाकही एखाद्या फोटोत असू द्या.

पाससोबत येणारा करार सही करण्याआधी पूर्ण वाचा. काही करारांत फोटोंचे सगळे हक्क कायमचे लिहून मागतात. ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीपुरता वापर देऊ असं लेखी सुचवा; विचारलं तर कलम बदलून मिळतं, असा माझा अनुभव आहे. नाहीच बदललं तर मी ते काम घेत नाही. फुकट काम करायचंच असेल तर बदल्यात फोटोखाली नाव आणि फोटो स्वतः वापरायचा हक्क पदरात पाडून घ्या. आणि स्पीकरसमोर उभं राहताना कानात बोळे घालाच, गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.