मुंबई-पुण्याजवळ कॅम्पिंगची जागा शोधताय? या चुका टाळा

शनिवारी निघायचं, एक रात्र तंबूत काढायची आणि रविवारी परतायचं. एवढ्यासाठी मुंबई-पुणेकरांच्या हाताशी पवना, मुळशी, भंडारदरा, वैतरणा, कर्जत, कोलाड, अलिबाग अशी भरपूर ठिकाणं आहेत. तरीही कित्येकांची रात्र कुडकुडण्यात, शेजारच्या डीजेत किंवा घाटातल्या रांगेत जाते. मूळ चूक बहुतेक वेळा एकच असते: आधी जागा ठरते आणि मग सुट्टी बघून महिना. आधी महिना धरा, मग जागा शोधा, कारण यातली एकही जागा बारा महिने चांगली नसते.

फोटोतलं पाणी खरं मानणं

पवना धरण ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत भरतं. ठाकुरसई, आपटी, गेव्हंडे या बाजूंचे कॅम्पवाल्यांचे देखणे फोटो पावसाळा संपतानाचे असतात: पाणी काठोकाठ, मागे तुंग किंवा तिकोना गड, सगळं हिरवं. पुढे पिंपरी-चिंचवडचं पिण्याचं पाणी आणि शेतीची आवर्तनं याच साठ्यातून जातात आणि पातळी उतरत राहते. मे महिन्यात त्याच तंबूसमोर आधी भेगाळलेला गाळ, मग चिखल आणि त्यापलीकडे कुठेतरी पाणी असतं.

यात एक गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. तंबूला सपाट काठ सोयीचा, पण पाणी सर्वांत लांब पळतं तेही सपाट काठावरूनच. पन्नास मीटरला एक मीटर असा उतार असेल आणि पातळी पाच मीटर उतरली, तर काठ अडीचशे मीटर मागे जातो. तीव्र उताराच्या काठावर तीच घट जेमतेम दहा-वीस मीटर दिसते. म्हणून मार्चनंतर पाण्याजवळच राहायचं असेल तर उताराची, पायऱ्या-पायऱ्यांची जागा निवडा.

खात्री करून घेणं सोपं आहे. संगणकावर गूगल अर्थ उघडा, जुन्या उपग्रहचित्रांची पट्टी सुरू करा आणि एप्रिल-मेचं चित्र काढा. तलावाभोवती जो तपकिरी पट्टा दिसेल तेवढं पाणी हटतं. कॅम्पच्या खुणेपासून तो पट्टा मोजा. शिवाय जलसंपदा विभाग धरणांचा साठा रोज जाहीर करतो. तो चाळीस टक्क्यांखाली असेल तर ‘लेकसाइड’ या शब्दावर विसंबू नका, त्याच दिवशीचा व्हिडिओ मागवा.

महिन्यांचा हिशेब साधारण असा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा तलावाकाठचा उत्तम काळ. मार्च ते मे कोकणपट्टी घामाने नकोशी होते, तेव्हा भंडारदऱ्यासारखी उंचावरची आणि झाडाखालची जागा बघा. मेअखेर ते जूनचा पूर्वार्ध काजव्यांचा. पुढे सप्टेंबरअखेरपर्यंत घाटमाथ्यावर तंबूच नको. घाटघर, ताम्हिणीच्या पावसापुढे भाड्याचे तंबू टिकत नाहीत. त्या दिवसांत राजमाचीच्या उधेवाडीत किंवा रतनवाडीत गावकऱ्यांच्या घरी उतरावं. गरम भाकरी मिळते आणि पाऊसही मनसोक्त बघता येतो.

किलोमीटर मोजणं आणि तास विसरणं

‘मुंबईहून शंभर-सव्वाशे किलोमीटर’ हे पवन्याचं वर्णन बरोबर आहे आणि निरुपयोगीही. शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात गाड्या तुंबतात. लोणावळ्याला उतरून दुधिवरे खिंडीकडे वळलं की अरुंद रस्ता, वळणं आणि समोरून येणाऱ्या बस. लोणावळ्याहून जुन्या महामार्गाने कामशेतला जाऊन पवनानगरमार्गे तलावावर येणं थोडं लांबचं आहे, पण गर्दीच्या दिवशी कमी त्रासाचं. पुणेकरांना तर कामशेतच सरळ पडतं. ‘पवना’ एवढंच ऐकून निघू नका, गावाचं नाव आणि नकाशातली खूण घ्या. ठाकुरसईला पोहोचल्यावर कॅम्प तुंगच्या बाजूला असल्याचं कळलं, तर तलावाला वळसा घालण्यात संध्याकाळ जाते.

भंडारदऱ्यासाठी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि मुंबईकरांची कसाऱ्याच्या घाटातून सुटका झाली. दुचाकीला मात्र समृद्धीवर प्रवेश नाही, द्रुतगती मार्गावरही नाही. बाइकवाल्यांनी जुन्या रस्त्याचेच तास धरावेत. टाकी घोटीतच भरून घ्या.

लोकलने मुंबईहून कसारा-कर्जतपर्यंत आणि पुण्याहून लोणावळ्यापर्यंत स्वस्तात जाता येतं. अडचण पुढच्या टप्प्याची आहे. काळी-पिवळी जीप अंधार पडला की मिळेनाशी होते, मग येण्या-जाण्याची गाडी कॅम्पवाल्याकडूनच ठरवून घ्यावी लागते. अलिबागच्या बाजूला जायचं तर भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट गाडीसकट साधारण तासाभरात पोहोचवते, पण शनिवारची जागा आधी आरक्षित करा. गेटवेहून सुटणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात.

कुठेही जा, दुपारी चारपर्यंत पोहोचा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अंधारात जागेचे दोष दिसत नाहीत.

जमीन कुणाची, हे न विचारणं

पवन्याचे अनेक कॅम्प खासगी जमिनीवर आहेत. भंडारदऱ्याचं तसं नाही. रतनवाडी, साम्रद, घाटघर हा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. तिथे नाक्यावर प्रवेशशुल्क भरावं लागतं, वनक्षेत्रात शेकोटी आणि लाउडस्पीकर चालत नाही आणि मुक्काम गावकऱ्यांच्या मालकीच्या जागेत करायचा असतो. एखादं पठार रिकामं दिसलं म्हणून गाडी उतरवू नका. काजव्यांच्या दिवसांत वनविभाग रात्रीच्या वाहनांवर वेळेचे निर्बंध घालतो, ते त्या वर्षीचे विचारून घ्या. काशीदजवळ फणसाड अभयारण्यात सुपेगावला वनविभागाचेच तंबू आहेत. रीतसर आणि शांत मुक्काम हवा असेल तर तो पर्याय चांगला. बऱ्याच गडांवर संरक्षित स्मारकाचे नियम लागतात, तेव्हा मुक्काम पायथ्याच्या गावातच करा.

बोटिंग, झिपलाइन, कडा उतरणं असं काही कॅम्पवाला देत असेल, तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे त्याची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी हवी. प्रमाणपत्राचा फोटो मागा. देण्याची टाळाटाळ झाली तर पुढे बोलायचं कारण नाही.

फोनवर पहिला प्रश्न ‘कितीला?’ विचारणं

दरात फार फरक नसतो. संध्याकाळचा चहा-भजी, शेगडीवरचं भाजकं, जेवण आणि सकाळचे पोहे सगळीकडे जवळपास तेच. रात्र कशी जाईल हे ठरतं ते माणसांच्या आणि शौचालयांच्या संख्येवर. तेव्हा असं विचारा: ‘दादा, शनिवारी एकूण किती माणसं आहेत? शौचालयं किती? स्पीकर किती वाजता बंद होतो?’ दहा-बारा माणसांमागे एक शौचालय ठीक, पंचवीसमागे एक असेल तर सकाळी सातला रांग ठरलेली. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्यानेच बंदी आहे. ‘साडेबारापर्यंत चालतो, मजा येते’ असं उत्तर आलं तर लहान मुलं आणि आईवडील घेऊन तिथे जाऊ नका. आकडा विचारल्यावर ‘सगळं आहे सर, या तुम्ही’ एवढंच ऐकू आलं, तर ते ‘नाही’ समजा.

गाडीपासून तंबूपर्यंतचं अंतर आणि पिण्याच्या पाण्याची सोय हेही तेव्हाच विचारा. परीक्षणं नव्यातलं नवं आधी अशी लावा आणि पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा, मालकाचे नाही.

एकच फोटो पाच वेगवेगळ्या नावांच्या पानांवर दिसतो, कारण मधले दलाल तोच वापरतात आणि भामटेही. पूर्ण पैसे आधी पाठवू नका. जागेवरून व्हिडिओ कॉल करायला सांगा. पैसे पाठवताना खात्यावर दिसणारं नाव आणि बोलणाऱ्या माणसाचं नाव जुळतं का ते बघा.

स्वतःचा तंबू चुकीच्या कोपऱ्यात लावणं

सर्वांत मोहाची जागा म्हणजे काठालगतचा खोलगट, गवताळ तुकडा. थंडीत रात्री गार हवा उताराने खाली येऊन तिथेच साचते आणि दव भरपूर पडतं. भंडारदऱ्याला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या खालीही जातो. काठापासून पाच-दहा मीटर उंचावर गेलात तरी फरक जाणवतो. कोरडा ओहोळ टाळा. ऑक्टोबरात परतीच्या पावसाची किंवा मेमध्ये वळवाची एक सर त्याला तासाभरात वाहता करते. त्या दिवसांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवा, ते जवळपासच्या विजांचा इशारा देतं. विजा कडाडू लागल्या तर तंबू सोडून पक्क्या घरात किंवा गाडीत बसा.

मग वर बघा. वाळकी फांदी, नारळाचं झाड, आग्या मोहोळ, यांतलं काहीही असेल तर सरका. आग्या माश्या उंच झाडांवर आणि कड्यांवर असतात, धुराने आणि उग्र अत्तराने चवताळतात. त्याखाली शेकोटी पेटवणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

कापणी झालेलं भातखाचर सपाट असतं, पण बांधात उंदरांची बिळं असतात आणि त्यांच्यामागे साप येतो. बांधापासून लांब, खाचराच्या मध्यावर तंबू लावा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसालाच जास्त चावते. दंश अनेकदा जाणवतही नाही, पुढे काही तासांत पोटात दुखतं, पापण्या जड होतात. म्हणून तंबूची चेन रात्रभर पूर्ण लावलेली हवी, बूट आत हवेत आणि लघवीला उठताना बॅटरी हातात हवी. शंका आली तरी चिरा मारणं, घट्ट बांधणं यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि सर्पदंशाची लस असलेलं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. ते कुठे आहे हे निघण्यापूर्वीच शोधून ठेवायचं असतं.

नेहमीच्या तीन तक्रारी. सकाळी तंबू आतून ओला झाला तर तो सहसा गळत नसतो. श्वासातली वाफ थंड कापडावर जमते. वरच्या झडपा उघड्या ठेवा, बाहेरचं कापड आतल्याला टेकू देऊ नका. दोन पांघरुणं घेऊनही थंडी वाजत असेल तर ती जमिनीकडून येते. खाली फोमची गादी घाला, तीही नसेल तर सतरंजी दुहेरी करा. मुरमात खुंट्या शिरत नसतील तर वाकवत बसू नका, दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. वाळूत खुंटी टिकतच नाही, तिथे पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून ती हातभर खोल पुरा.

कोळशाची शेगडी कितीही थंडी असली तरी तंबूत घेऊ नका, विझत आलेलीसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

पाण्याला स्थिर समजणं

धरणाचा काठ आत गेल्यावर एकदम खोल होतो आणि गाळात पाय रुततो. पोहता येणारेही तिथेच अडकतात. लाइफ जॅकेट नसेल तर बोटीत बसू नका, पोहायला तर उतरूच नका. कोलाडला कुंडलिकेचं पाणी भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सुटतं, सकाळचं राफ्टिंग त्याच्यावरच चालतं. म्हणजे रात्री कोरडं दिसणारं पात्र सकाळी भरतं. तंबू पात्रात नको, वरच्या काठावरच हवा.

समुद्रकाठी हिशेब तिथीचा. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते: अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, दिवसा आणि रात्रीही. म्हणजे चांदण्याच्या हौसेने पौर्णिमेला किनाऱ्यावर झोपलात, तर उधाणाचं पाणी मध्यरात्रीच येतं. वाळूवर शेवाळ, काटक्या आणि शिंपल्यांची जी सर्वांत वरची रेघ दिसते, तिच्याही मागे, सुरूच्या बनाजवळ तंबू लावा. दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळासच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. तिथे रात्री किनाऱ्याकडे दिवे आणि गाडी नेऊ नका. काजव्यांच्या जागीही तसंच: बॅटरीला लाल जिलेटिन कागद लावा, गाडीचे दिवे बंद ठेवा आणि फ्लॅश वापरू नका.

पोहोचल्यावर जागा चुकली तर

मावळतीच्या तासभर आधी निर्णय घ्या, नंतर अडकाल. आधी तंबू स्पीकरपासून आणि शौचालयापासून दूरच्या टोकाला हलवून मागा, बहुतेक मालक ऐकतात. शौचालय वापरण्याजोगं नसेल, काठ धोक्याचा असेल किंवा गर्दी सांगितल्याच्या दुप्पट असेल, तर फोटो काढा, आगाऊ रकमेबद्दल तिथेच बोला आणि निघा. पवन्याहून कार्ल्याचं एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) निवासस्थान आणि लोणावळ्याची लॉजं जवळ आहेत. भंडारदऱ्यात शेंडीला एमटीडीसीचंच निवासस्थान आहे आणि गावात घरगुती खोल्याही मिळतात. हे दोन-तीन नंबर घरून निघतानाच कागदावर लिहून घ्या, कारण साम्रद-घाटघरकडे फोनला रेंज मिळेलच असं नाही.