आवळ्याचं कलम घरी कसं करावं

आवळ्याची फांदी कापा, कोरफडीचा गर चोळा, मातीत खोचा, झाड तयार, असं सांगणारे व्हिडिओ फार फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. आवळ्याच्या छाटाला मुळं फुटणं अतिशय अवघड. वर हिरवा कोंब दिसतो तो काडीतल्या साठ्यावर, आणि साठा संपला की काडी वाळते. खात्रीचा रस्ता असा: बीपासून खुंट, म्हणजे ज्यावर कलम करायचं ते रोप, वाढवायचा आणि त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरायचा, म्हणजे त्या जातीच्या फांदीवरचा फुटवा सालीसकट काढून खुंटावर बसवायचा. नुसतं बीचं झाड कसं निघेल याचा भरवसा नसतो. सात-आठ वर्षं थांबायचं आणि हाती यायची बारीक, रेषाळ फळं. डोळा भरलेलं झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळाला येतं आणि मोरावळ्याला हवं तसं मोठं फळ देतं. च्यवनप्राश, त्रिफळा, आवळकाठी घरी करणाऱ्यांनी तर एवढी मेहनत घ्यायलाच हवी.

खुंटाचं काम सोपं आहे. पुण्यात मंडईत कार्तिकापासून आवळे दिसू लागतात, पण बियांसाठी पौष-माघापर्यंत थांबून पूर्ण पिकलेले देशी आवळे घ्या. गर काढून कोयी उन्हात ठेवा. त्या आपोआप तडकतात आणि एकेका कोयीतून सहा बिया निघतात. रात्रभर भिजवा, तरंगतील त्या फेकून द्या, बाकीच्या मार्चमध्ये पिशव्यांत पेरा. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत खोड पेन्सिलीएवढं जाड होतं.

आता डोळा. या पायरीने मलाही बराच काळ छळलं आहे, म्हणून सावकाश वाचा.

आवळ्याचं जे पान म्हणून आपण बघतो, दोन्ही बाजूंना बारीक पात्या असलेलं, चिंचेच्या पाल्यासारखं, ती खरं तर एक छोटी डहाळी असते. फुलं-फळं तिच्यावर धरतात, पण ती कायमची नसते, मोसम संपला की सगळीच्या सगळी गळून पडते. झाडाची उंची वाढते ती लांब, जाड फांदीतून. या फांदीवर थोड्या थोड्या अंतरावर फुगीर गाठी असतात आणि त्या गाठींतून डहाळ्या निघतात. आपल्याला डोळा हवा तो या गाठीवरचा. डहाळीवरचा डोळा कितीही टवटवीत दिसला तरी त्यातून झाड होत नाही. कुणी डोळकाड्या, म्हणजे डोळे काढायच्या काड्या, म्हणून पालेदार डहाळ्यांची जुडी हातात ठेवली तर सरळ नाही म्हणा. सासवड-पुरंदरकडे ओळखीची बाग असेल तर मालकांना विचारून आधी फांदी निवडून ठेवा, आठ-दहा दिवस अगोदर तिच्यावरच्या डहाळ्या खुडा, म्हणजे डोळे फुगतात. काडी कापली की ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी वापरा.

वेळ साधणं तितकंच महत्त्वाचं. पुण्यात पहिले एक-दोन चांगले पाऊस झाल्यापासून ऑगस्टपर्यंत. पण कॅलेंडरपेक्षा सालीवर विश्वास ठेवा. खुंटाला चाकूचं टोक लावून साल उचला. ती अलगद सुटली आणि खाली ओलं, चकचकीत लाकूड दिसलं तर कामाला लागा. साल तंतू तंतू होऊन फाटत असेल तर रोपाला पाणी द्या आणि आठवडाभर थांबा. संततधार चालू असताना डोळा भरू नका, जोडात पाणी शिरून तो कुजतो. उघडीप बघा.

खुंटावर जमिनीपासून वीतभर उंचीला सुमारे अडीच सेंटिमीटर उंच आणि एक सेंटिमीटर रुंद चौकट कापा, पण साल तिथेच राहू द्या. मग काडीवर, डोळा मधोमध येईल अशी तेवढीच चौकट कापा. ही सालीची पट्टी बाहेरच्या बाजूला ओढून काढायची नाही. अंगठ्याने दाब देऊन ती बाजूला सरकवायची. ओढली की डोळ्याचा आतला कोंभ लाकडालाच चिकटून राहतो. पट्टी उलटून बघा: डोळ्याच्या मागे खळगा पडला असेल तर ती टाकून द्या. अशी पट्टी खुंटावर चिकटते, महिनोन्महिने हिरवीगार राहते आणि कधीच फुटत नाही. लोक त्यावर खतं आणि संजीवकं फवारत बसतात, आणि दोष असतो त्या खळग्याचा.

पट्टीच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. खुंटावरची साल काढा, लगेच पट्टी बसवा, डोळ्याचं टोक वरच्या दिशेला. प्लॅस्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट बांधत जा, डोळा तेवढा उघडा ठेवा.

तीन आठवड्यांनी बांधलेलं प्लॅस्टिक सोडा. सालीची पट्टी हिरवी असेल तर खुंटाचा शेंडा अर्धा छाटा. एकदम डोळ्यापर्यंत छाटायची घाई नको. डोळा फुटून चार बोटं वाढला की मग त्याच्या वर तिरका काप घ्या. जोडाच्या खालून येणारे फुटवे दिसताक्षणी खुडा, नाहीतर वर्षभराने तुम्ही देशी आवळाच वाढवत असाल.

लागवड पुढच्या पावसाळ्यात, शेणखत घालून, दोन झाडांत सात-आठ मीटर अंतर ठेवून.

झाड मात्र एकटं लावू नका. आवळ्याला दुसऱ्या जातीचे परागकण मिळाले तरच फळ नीट धरतं, म्हणून कृष्णा, कांचन, नरेंद्र ७ यांपैकी दोन तरी हव्यात. सोसायटीत एकाच झाडाची जागा असेल तर एकाच झाडाच्या दोन फांद्यांवर दोन जातींचे डोळे भरा. मी सगळ्यांना हेच सुचवते.

आणि फाल्गुन-चैत्रात फुलं येऊन गेल्यावर उन्हाळाभर झाडावर काहीच दिसत नाही, म्हणून ते वांझ समजून तोडायला निघू नका. धरलेलं फळ पाऊस सुरू होईपर्यंत टाचणीच्या डोक्याएवढंच निजून राहतं आणि श्रावणात वाढायला लागतं.