बाळाला डायपर रॅश आलाय? आधी डायपर काढा

बाळाचं ढुंगण लाल दिसलं की आपण लगेच क्रीम शोधायला लागतो, पण आधी हवा लागू द्या. शी-शू साचून राहिली की कातडी ओलीने मऊ पडते, शीतले पाचकरस तिला आणखी सोलवटतात आणि वरून डायपर घासतो तो वेगळाच. म्हणून रबरशीटवर जुनं सुती दुपटं टाका आणि दिवसातून तीन-चार वेळा बाळाला तसंच उघडं खेळू द्या, शू केली तर केली, दुपटं धुता येतं.

शी झाली की लगेच बदलायचं, रात्रीसुद्धा. नुसती शू असेल तर दोन-तीन तासांनी. धुवायला कोमट पाणी आणि कापूस पुरे, मुलगी असेल तर पुढून मागे पुसा. मग मऊ कापडाने नुसतं टिपून घ्या, जांघेतल्या वळ्या हलकेच उघडून बघा, ओल तिथेच राहते. पूर्ण सुकल्यावर झिंक ऑक्साइडचं क्रीम लावा, चांगला जाड थर, खालची कातडी दिसता कामा नये. पुढच्या वेळी शी लागलेला वरचा थर तेवढा काढा, खालचं खरवडून काढू नका प्लीज, त्यानेच बाळ कळवळतं. पावडर नकोच, ती श्वासातून आत जाते. डाळीचं पीठ, हळद पण सोललेल्या जागी नको, घरातलं कोणी कितीही म्हणालं तरी.

लाली वळ्यांच्या आतपर्यंत गेलीय, एकदम भडक आहे आणि कडेने बारीक लाल पुटकुळ्या आहेत, तर बहुतेक फंगल असतं, अँटिबायोटिक चालू असताना किंवा जुलाबानंतर हे जास्त होतं. याला डॉक्टरांनी दिलेलं अँटीफंगल क्रीमच लागतं. मेडिकलवाल्याला विचारून सगळ्यावर चालणारी मिक्स ट्यूब आणू नका, त्यात बऱ्याचदा स्ट्रॉंग स्टेरॉइड असतं, दोन दिवस लाली गेल्यासारखी वाटते पण बाळाची नाजूक कातडी पातळ होते, आणि डायपरखाली झाकलं गेल्यामुळे ते अंगात पण जास्त शोषलं जातं.

लंगोट वापरत असाल तर साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, उन्हात वाळवा, पावसाळ्यात दमट राहिले तर इस्त्री फिरवा. वरून प्लास्टिकची चड्डी नको. सहाव्या महिन्यानंतर वरचं खाणं सुरू झालं की शी बदलते, तेव्हा जरा जास्त लक्ष ठेवा.

दोन-तीन दिवसांत उतार नाही, किंवा ताप, पू, फोड, रक्त काही दिसलं तर वाट न बघता बाळाच्या डॉक्टरांकडे जा, आणि आधी काय काय लावलं ते सगळं सांगा, ट्यूबच सोबत न्या.