पूलमधले लोखंडाचे डाग काढण्याआधी या चुका टाळा

पायऱ्यांवर, टाइल्सच्या सांध्यांत तांबूस-तपकिरी डाग दिसले रे दिसले की लोक व्हिटॅमिन सीची पावडर मागवतात आणि त्याच संध्याकाळी ओतून मोकळे होतात. पावडर चांगलीच आहे. पण आधी पाणी तयार करावं लागतं, आणि तेवढा धीर कोणाला नसतो.

क्लोरीन न उतरवणं

व्हिटॅमिन सी म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड. पाण्यात क्लोरीन असलं की ते आधी त्याच्याशीच भिडतं आणि डागापर्यंत पोचण्याआधी संपतं. एक ग्रॅम क्लोरीन साधारण अडीच ग्रॅम पावडर खातं.

कर्जतकडच्या एका फार्महाउसवर ६०,००० लिटरचा पूल आहे. शनिवारी पाहुणे येणार, म्हणून केअरटेकरने आदल्या रात्री ब्लीचिंग पावडर दणकून मारली. "आधी पाणी स्वच्छ करून घेतलं, साहेब." सकाळी टेस्ट किटमध्ये डीपीडीची गोळी (क्लोरीन असलं की पाणी गुलाबी करणारी) टाकली, तर रंगच नाही. म्हणजे क्लोरीन शून्य! किलोभर व्हिटॅमिन सी गेलं, डाग होते तिथेच. मी पोचलो तेव्हा गडी दुसरं पाकीट फोडायच्या बेतात.

त्याला म्हटलं, गोळी पुन्हा टाक आणि नजर हलवू नकोस. विरघळताना क्षणभर गुलाबी झाक आली आणि उडून गेली. क्लोरीन फारच जास्त असलं की ते डीपीडीचा रंगसुद्धा उडवतं, आणि दिसायला शून्य दिसतं. मग गाडीतलं बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर काढलं, त्याचे नऊ भाग आणि पूलच्या पाण्याचा एक भाग असं मिसळून तपासलं. आकडा १ च्या वर, म्हणजे पूलमध्ये १० पीपीएमहून जास्त. एवढं क्लोरीन संपवायलाच दीड किलो व्हिटॅमिन सी लागलं असतं. डागांसाठी त्या पूलला खरी गरज साधारण ३६० ग्रॅमची, म्हणजे १,००० लिटरला ६ ग्रॅम. चिवट डाग असतील तर दुप्पट. शनिवारचे पाहुणे डागांसकट पोहले. काही बिघडलं नाही कोणाचं.

मी क्लोरीनेटर बंद करतो, टीसीसीएचा (क्लोरीनच्या गोळ्यांचा) तरंगता फ्लोटर बाहेर काढतो, स्किमरच्या टोपलीत विसरलेल्या गोळ्याही शोधतो (असतातच) आणि कव्हर उघडं टाकून उन्हाला काम करू देतो. वर्षानुवर्षं टीसीसीए वापरलेल्या पूलमध्ये स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं सायन्यूरिक ॲसिड) साठलेला असतो, तिथे क्लोरीन हळू उतरतं. हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, फारच अडलं तर, तेही थोडं थोडं. जास्त झालं तर नंतर टाकलेलं क्लोरीन तेच गिळत बसतं.

मोरचूद

क्लोरीन शून्यावर आणायचं म्हणजे शेवाळाला आमंत्रण, म्हणून आधी अल्गीसाइड घालायचं, हे बरोबर. पण मोरचूद नको! धातूचे डाग काढायला निघालात आणि पाण्यात तांबं ओतताय? त्याचे डाग निळे-हिरवे येतील, एवढाच फरक. पॉलिक्वॅट घ्या, त्या अल्गीसाइडमध्ये तांबं नसतं.

डाग कसला ते न बघणं

मेडिकलमधली साधी व्हिटॅमिन सीची गोळी अर्धा मिनिट डागावर घासा. फिका पडला तर धातू. नाही पडला तर बहुधा पानांचा किंवा शेवाळाचा, आणि त्याला उलट क्लोरीनच लागतं.

पीएच

७.२ च्या आसपास आणा. पंप चालू ठेवून ॲसिड हळूहळू सोडा. ब्लीचिंग पावडरच्या बादलीत ॲसिड कधीही नाही, विषारी वायू सुटतो.

नंतर बोअरचं पाणी भरणं

पातळी कमी असेल तर उपचाराआधी भरा, आणि भरण्याआधी पाणी तपासा. पांढऱ्या बादलीत बोअरचं पाणी घ्यायचं, चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी तळाशी तपकिरी साका दिसला तर डागांचं मूळ तिथेच आहे. टँकरवाल्याचं पाणीही बहुतेक वेळा कुठल्यातरी बोअरचंच असतं, तेव्हा त्याचीही बादली ठेवा.

सिक्वेस्टरंट "नंतर बघू"

डाग निघाला म्हणजे लोखंड गेलं असं नाही, ते पाण्यात विरघळलं. ते धरून ठेवणारं सिक्वेस्टरंट आधीच आणून ठेवा. ते न घालता क्लोरीन वाढवलंत तर पाणी चहासारखं होतं आणि डाग परत टाइल्सवर बसतात. डाग निघाले की लगेच ते घाला, मग क्लोरीन रोज थोडं थोडं वाढवा. पुढचे दोन आठवडे शॉक, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन, नाही, पाहुण्यांनी कितीही तगादा लावला तरी.